लॉक लागलंच नाही!
आज दुपारी ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडम जेवून परत आल्या तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पगाराची शीट सगळ्यांसमोर उघडी, आणि त्या शपथेवर सांगतायत की थोड्या वेळाने आपोआप लॉक होतं म्हणून. होतं हो, एरवी होतं. पण जाताना राइट क्लिकचा मेनू उघडाच राहिलेला. आमच्याकडे लिनक्सवर जुनं एक्स११ आहे (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी, कीबोर्ड-माउस सांभाळणारी व्यवस्था), तिथे लॉकस्क्रीन म्हणजे नुसता आणखी एक प्रोग्राम, त्याने कीबोर्ड-माउस स्वतःच्या ताब्यात घ्यायचा असतो आणि मेनूने तो आधीच धरून ठेवला असेल तर बसा बोंबलत. बरं लागलेलं लॉक क्रॅश झालं की डेस्कटॉप सताड उघडा! २०२१ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकारावर हेच झालेलं, एकाच्या पोरांनी कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दोन्ही धपाधप बडवले आणि आत शिरली पण. हॅकर बिकर नाही, पोरं! एक्स११च्या जागी आलेल्या नव्या वेलँडवर आता असा सेशन लॉक आलाय की लॉकचा प्रोग्राम मेला तरी स्क्रीन लॉकच राहते, पण आमचे आयटीवाले तिकडे कधी नेणार ते त्यांनाच ठाऊक. तोवर मॅडमना सांगितलंय, कंट्रोल-ऑल्ट-एल दाबायचं आणि पासवर्डचा चौकोन दिसेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. म्हणाल्या, भाजी गार होते रे.