पंचावन्न मिनिटं, एकच ओळ

गेल्या रविवारी पंचावन्न मिनिटं मी एकच ओळ वाजवली. चंद्रकंस, विलंबित तीनताल, सोळा मात्रा. संपली की पुन्हा तीच. एकल तबल्याचा कार्यक्रम होता आणि नगमा, म्हणजे तबल्यामागे पेटीवर सतत फिरणारी ओळ, माझ्याकडे होता. तबल्यावर तो होता. आमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर एकाच सतरंजीवर बसायची ही पहिली वेळ.

एकल तबला फारसा न ऐकणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तबलजी सुरुवातीला संथपणे पेशकार मांडतो, मग कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, उलगडतो, आडात म्हणजे दीडपट लयीत जातो. ऐकणाऱ्याला मध्येच वाटतं, हा आता भरकटला. आणि तेवढ्यात तिहाई घेऊन, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, तो बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. ती सम कुठे आहे हे पूर्ण वेळ पेटी सांगत असते. म्हणून पेटीवाल्याने मुरकी घ्यायची नाही, रेला, म्हणजे जलद बोलांची रांग, सुरू झाला की त्याच्यामागे धावायचं नाही. आमचे सर नगमा शिकवताना मध्येच विचारायचे, "आज डब्यात काय आणलंयस?" उत्तर द्यायचं आणि लय हलू द्यायची नाही. "भेंडी" म्हणताना माझी नववी मात्रा हमखास लांबायची. ते हसायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचे. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, हेही त्यांनीच सांगितलं. त्या काळात मैफलीतून पेटी जिवंत ठेवणाऱ्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज जड व्हायचा. हे वाद्य आपल्याला आयतं मिळालेलं नाही, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच.

मी डोंबिवलीत राहते. नोकरी ठाण्यात, सीएच्या ऑफिसात. एकतीस जुलैला रिटर्न, तीस सप्टेंबरला ऑडिट रिपोर्ट, आणि नेमके त्याच महिन्यांत श्रावणातले कार्यक्रम आणि गणपती. ते उरकतात न उरकतात तोच दिवाळी पहाटच्या तालमी. सकाळच्या गर्दीत बारा-तेरा किलोची पेटी घेऊन गाडीत चढणं शक्यच नाही. म्हणून माझी एक पेटी घरी असते आणि एक नौपाड्यात, मैत्रिणीच्या डायनिंग टेबलाखाली.

या मैत्रिणीबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. आमची ओळख लेडीज डब्यातली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण बांधताना झालेली. गाण्याशी तिचा काही संबंध नाही. यमन आणि भूप तिला सारखेच. पण माझ्या पेटीवर तिने तिच्या आजीच्या जुन्या नऊवारीची दुहेरी खोळ शिवलीय. पावसाळ्यात दर रविवारी ती खोळ काढून पेटीला वारा देते, भात्यात कुठे किडा-मुंगी नाही ना ते बघते. कोर्टाच्या तारखेच्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने काहीच विचारलं नाही. वरण-भात वाढला आणि पेटी टेबलाखालून बाहेर ओढून ठेवली. मी तासभर नुसता षड्ज धरून बसले होते. ती बाजूला वाल सोलत होती.

गाणाऱ्या मैत्रिणीचं मात्र वेगळं झालं. आम्ही तिघं एकाच वयाचे, विशीपासून एकत्र: ती गायची, तो तबल्यावर, मी पेटीवर. आमचं लग्न झालं तेव्हा तिला सगळ्यात जास्त आनंद झाला होता. आम्ही वेगळे झालो आणि तिने दोघांनाही बोलवायचं बंद केलं. कुणा एकाला बोलावलं तर दुसऱ्याला लागेल, असा तिचा विचार. विचार चांगलाच होता, पण माझ्या हातून नवऱ्याबरोबर गाणंही गेलं. तिच्या मैफलींचे फोटो मी फोनवर बघायची. माझ्या जागेवर कुणी तरी दुसरं बसलेलं असायचं.

दरम्यान ती नाशिकला गेली, तिला मुलगी झाली. बाळ झोपलं की ती फोन करायची. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवता येत नाही. आवाज पोचायला एवढा वेळ लागतो की ठेका धरताच येत नाही. मग मी एक आवर्तन वाजवून थांबायची आणि ती गायची. असे काही महिने गेले. शेवटी एकदा नाशिकला जाऊन मी तिच्यासमोर बोललेच, "तू मला वाचवायला गेलीस आणि मी एकटी पडले." ती बराच वेळ बाळाचं डोकं कुरवाळत बसली. मग म्हणाली, "मला वाटलं तुला नको असेल." "विचारायचंस तरी," मी म्हटलं. दोघी रडलो. बाळ उठलं आणि त्यानेही सूर लावला. दुपारी गोरख कल्याण काढला. तिचा खर्ज लग्नाआधीपेक्षा आता जास्त भरीव लागतो.

त्याचा फोन महिन्यापूर्वी आला. "एकल वादन आहे. नगमा तू धरशील का?" एवढंच. मी दोन दिवस मागून घेतले. आईला विचारलं तर म्हणाली, "लोक काय म्हणतील ते सोड, तुझे हात काय म्हणतात?" हात तर कधीपासून तयारच होते. त्याच्या हातासारखा पेशकार मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. हे लग्नाआधी खरं होतं, कोर्टात सह्या करतानाही खरं होतं.

तालमीला गेले. त्याने तबला लावायची हातोडी काढली, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सूर दे." मी काळी एकचा षड्ज दाबला. २०१४ मध्ये क्लासच्या वरच्या खोलीत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तेही हेच. गट्ट्यावर ठोके पडत गेले, एकेक घर चढत गेलं, आणि शेवटी चाट, म्हणजे तबल्याच्या कडेचा सूर, आणि पेटी एक झाली. त्या क्षणी पोटात जे कालवलं त्याला मला अजून नाव देता आलेलं नाही. दुःख म्हणावं तर त्यात आनंदही होता.

आणि रविवारी एक गोष्ट घडली, जी सभागृहात आम्हा दोघांनाच कळली असेल. तिस्र जातीच्या, म्हणजे तीन-तीनच्या चालीच्या, कायद्यातून बाहेर येताना त्याची तिहाई अर्धी मात्रा आधी पडणार, हे मला दोन मात्रा आधीच ऐकू आलं. अशा वेळी पूर्वी मी ओळ हळूच आवळायची, त्याच्या तिहाईला सम गाठून द्यायची. कुणाला कळायचं नाही. त्यालाही कळायचं नाही, हेच मला तेव्हा प्रेम वाटायचं. घरातही मी तेच करत राहिले. त्याला यायला उशीर, त्याचा राग, त्याचं विसरणं, सगळ्याला माझी मात्रा सरकवत गेले आणि एक दिवस माझी लय कुठली हेच मला सांगता येईना.

रविवारी मी ओळ सरळ ठेवली. तिहाई आधी पडली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एक आवर्तन नुसता ठेका धरला, आणि पुन्हा तिहाई घेतली. सम अशी आली की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी हात वर केला. कार्यक्रम संपल्यावर गवसणी बांधताना तो म्हणाला, "बरं झालं सरकली नाहीस." मी "हो" म्हटलं. त्याने पेटी टॅक्सीपर्यंत आणून दिली. दोघं वेगवेगळ्या दिशांनी घरी गेलो.

सोमवारी त्याच्या आईंचा फोन. मी त्यांना अजून आईच म्हणते. दुसरं काय म्हणायचं ते त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. "अगं, पेटीचा गंधार बोलत नाहीये. मंगळवारी भजन आहे. तुला कामं असतील तर राहू दे." ऑफिसातून परस्पर गेले. त्यांची पेटी जुनी, दोन सुरांची, भात्याला दोनदा कापड लावलेलं. झाकण काढलं, सुरांची फळी उचलली. पितळी जिभांच्या रांगेत एका जिभेखाली काळा कण अडकला होता. बुक्का. कधी तरी कीर्तनानंतर पेटीवर सांडला असणार.

आधी कागदाची पट्टी घालून बघायची, पातं नाही. जीभ टोकाला घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो, पण घासलेलं पितळ परत येत नाही. पट्टी दोनदा फिरवली. कण निघाला. आईंनी तो बोटावर घेतला आणि कपाळाला लावला.

फळी बसवून भाता मारला. गंधार बोलला, जरासा घोगरा, पण बोलला. "थांब, बघते," म्हणत आईंनी पाय दुमडले आणि अभंग सुरू केला. मी साथ धरली. दुसऱ्या कडव्याला वरचा पंचमही अडकतोय हे लक्षात आलं. तो शनिवारी बघते म्हटलं, सोबत थोडा कापूर आणते, पेटीत ठेवायला. त्यांनी डबा भरून दिला. आठ अठ्ठावीसची गाडी होती.