बॅग पॅरिसला स्वस्त मिळते, पण मला नाही

दर उन्हाळ्यात घरून कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच. "ताई तू तिकडेच असतेस ना, मग तुला ती मोठ्या ब्रँडची बॅग स्वस्तात मिळत असेल, घेऊन ठेव ना, पैसे लगेच टाकते." आणि दरवेळी मला तेच सांगावं लागतं की अगं बाई, पॅरिसच्या त्या दुकानात सगळ्यात महाग बॅग कोणाला पडत असेल तर ती मला.

खोटं वाटतं ना? ऐका. इथे किमतीच्या टॅगमध्ये 20 टक्के व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा टॅक्स, आधीच धरलेला असतो. बाहेरून आलेल्या टुरिस्टला तो परत मिळतो, त्याला इथे देताक्स म्हणतात. पण अट अशी की माणूस युरोपियन युनियनच्या बाहेर राहणारा हवा, 16 वर्षांच्या वरचा हवा, मुक्काम सहा महिन्यांपेक्षा कमी हवा आणि खरेदी 100 युरोच्या वर हवी. माझा पासपोर्ट भारताचाच आहे, पण मी राहते इथे, त्यामुळे आपला भारतीय पासपोर्ट दाखवून काही उपयोग नाही. जो इथे भाडं भरतो, इन्कम टॅक्स भरतो, त्यानेच बॅगेवरचा टॅक्सही पूर्ण भरायचा. आणि दुसऱ्याच्या नावावर घेऊन माझ्याकडे ठेवायची असलं काही चालत नाही, कारण बॅग युनियनच्या बाहेर गेली हे कस्टम्सला दाखवायला लागतं.

2024 च्या उन्हाळ्यात माझी मामेबहीण आली तेव्हा हे सगळं जवळून बघितलं. तिने येण्याआधीच हिशोब मांडून ठेवला होता, दोन हजार युरोची बॅग, 20 टक्के परत, म्हणजे चारशे युरो वाचले. इथेच पहिली गडबड. टॅक्स किमतीच्या आत असतो, म्हणून दोन हजारात तो 333 युरो होतो, चारशे नाही. आणि तेही पूर्ण हातात येत नाहीत, मधली रिफंड कंपनी आपलं कमिशन कापून घेते, त्यामुळे फ्रान्समध्ये साधारण 12 टक्के मिळाले तरी नशीब समजायचं. म्हणजे 240. कॅश मागितली तर अजून कापतात. वर आपलं भारतातलं कार्ड परदेशात घासलं की बँकेचा मार्कअप, म्हणजे जादा चार्ज, लागतो तो वेगळाच, तो कोणी हिशोबात धरतच नाही.

मग तिला वाटलं इटलीत व्हॅट 22 टक्के आहे म्हणजे तिकडे जास्त परत मिळेल, आणि मिलानला फिरायला जायचंच होतं म्हणून बॅग तिथेच घेतली. (युरोवाल्या देशांत मोठ्या ब्रँडचे भाव बहुतेक सारखेच असतात, त्यामुळे इतका विचार करण्यात फार राम नाही, पण ऐकणार कोण.) परतीचं विमान पॅरिसहून. शार्ल द गोल एअरपोर्टवर पाब्लो नावाची मशीन्स आहेत, दुकानातून मिळालेल्या रिफंड फॉर्मचा बारकोड दाखवला की काम झालं, पण ती फक्त फ्रान्सच्या फॉर्मला ओळखतात. इटलीचा फॉर्म घेऊन कस्टम्सच्या खिडकीत जावं लागतं, आणि त्या खिडकीसमोरची रांग बघूनच आमच्या दोघींच्या पोटात गोळा आला. अधिकारी बॅग दाखवा म्हणतो म्हणून ती हातातच ठेवावी लागते, चेक-इन करून टाकली की संपलं. विमान सुटायच्या आधी कसाबसा शिक्का मिळाला.

बरं, टॅक्स परत मिळाला म्हणजे माफ झाला असं नाही बरं का. यामागचा विचार एवढाच की वस्तू जिथे वापरणार तिथल्या सरकारने टॅक्स घ्यावा. फ्रान्स किंवा इटली सोडतं ते आपल्याकडचं कस्टम्स धरतं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे भारतात पन्नास हजार रुपयांपर्यंतचं सामान ड्युटी न भरता आणता येत होतं, त्यावरच्या रकमेवर 38.5 टक्के. युरो तेव्हा 90 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रिफंड वजा करूनही बॅग एक लाख अठ्ठावन्न हजारांची, त्यातले पन्नास गेले, उरलेल्यावर ड्युटी जवळजवळ बेचाळीस हजार. वाचवले किती, तर साधारण साडेएकवीस. मैत्रिणींनी तिला टॅग काढून टाक, जुनीच आहे म्हण, असे सल्ले दिले होते, पण पोरगी सरळ रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटीचं सामान जाहीर करतात त्या रांगेत, गेली, पावती दाखवली आणि पैसे भरले. मला कौतुक वाटलं, तिला मात्र अजून राग आहे.

बाकी देशांचीही अशीच गंमत. ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून टुरिस्टचा व्हॅट रिफंडच बंद केला (नॉर्दर्न आयर्लंड सोडून), त्यामुळे लंडनला टुरिस्टलाही पूर्ण 20 टक्के भरावे लागतात आणि लंडनचीच माणसं आता पॅरिसला येऊन देताक्स घेऊन जातात, कारण ब्रेक्झिटनंतर ती बाहेरची झाली. अमेरिकेत टॅगवर टॅक्स नसतोच, काउंटरवर लागतो, न्यूयॉर्क शहरात 8.875 टक्के, डेलावेअर आणि ओरेगॉनमध्ये शून्य. पण तिथला मूळ भावच बहुतेक वेळा चढा असतो, त्यात 2025 मध्ये नवीन टॅरिफ, म्हणजे आयातीवरचे कर, आले आणि एर्मेस या फ्रेंच ब्रँडने 1 मे पासून अमेरिकेतले भाव वाढवले. दुबईत व्हॅट 5 टक्के, सिंगापूरला 9, हाँगकाँगला काहीच नाही.

खरा फरक टॅक्सपेक्षा चलनाचा पडतो असं माझं मत. जुलै 2024 मध्ये एका डॉलरला 160 च्या वर येन मिळत होते तेव्हा लोक बॅगा घ्यायला टोकियोला धावत होते, 10 टक्के टॅक्स दुकानातच वजा व्हायचा. ब्रँड काय झोपलेले नसतात, ते भाव चढवून दरी बुजवत राहतात. शनेलने तर 2015 मध्येच युरोपात भाव वाढवून चीनमध्ये कमी केले होते, कारण चिनी गिऱ्हाईक घरी न घेता पॅरिसला येऊन खरेदी करत होतं.

परवा मामेबहिणीचा मेसेज आला. ऑफिसच्या कामाने हाँगकाँगला जायचंय, तिकडे टॅक्सच नाही ना गं ताई? मी म्हटलं नाही गं, अजिबात नाही, पण परत येताना रेड चॅनेल तोच आहे.