थंडीचे तास आणि संत्र्याचा ताण

काटोल तालुक्यातील आमच्या वावरात आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या, संत्र्याचे पाणी डिसेंबरच्या मध्यापासून तोडले जाते. महिनाभरात पाने मलूल आणि फिकट होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते, आणि मग खत देऊन हलके पाणी सोडले की फेब्रुवारीत फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात. यालाच आपल्याकडे ताण देणे म्हणतात. ताण बसला की नाही हे बाबा पान बोटांत चुरगाळून ठरवतात. मागे एका जानेवारीत ताण अर्धवट असतानाच दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि झाडांनी फुलांऐवजी कोवळी पालवी काढली. नागपूरला नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला तो दोन दिवसांचा गारवा सुखाचा वाटला होता. वावरात मात्र त्या दोन दिवसांत अख्खे वर्ष गेले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मला कामानिमित्त हिमाचल प्रदेशात जावे लागले आणि नारकंड्याखालच्या उतारावर, कोटगढच्या बाजूला, एका वयस्क बागवानाच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. तिकडे फळबाग करणाऱ्या शेतकऱ्याला बागवान म्हणतात. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून येऊन इथलेच झालेल्या गृहस्थांनी 1916 मध्ये ‘डेलिशस’ जातीची कलमे लावली, ती याच भागात, आणि पुढे सफरचंदाने या डोंगराचे अर्थकारण पालटले. माझ्या यजमानांची जमीन बारा बिघे, म्हणजे जेमतेम अडीच एकर, आणि तीही तीन वेगवेगळ्या उंचीवरच्या तुकड्यांत विभागलेली होती.

फुलोऱ्याचे दिवस होते, तरी बाग पाहून ते खूश नव्हते. एकाच झाडाची एक फांदी पूर्ण फुललेली, दुसरीवर फक्त पाने, तिसरीवर अजून मिटलेल्या कळ्या, असे चित्र होते. सफरचंदाची कळी हिवाळ्यात झोपते आणि सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय नीट जागी होत नाही. हे तास तिकडच्या साध्या बोलण्यातही ‘चिलिंग आवर्स’ याच नावाने येतात, आणि जुन्या डेलिशस जातींना ते हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक लागतात. हिवाळा कोरडा आणि ऊबदार गेला की कळ्या एकदम न उघडता रेंगाळत उघडतात. मला चटकन आमचा तुटलेला ताण आठवला. आम्ही पाणी तोडून जे काम करतो तेच तिकडे थंडी करते, फरक इतकाच की थंडी तोडणे-जोडणे कोणाच्या हातात नाही.

खरी अडचण त्याच्या पुढची आहे. डेलिशसला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. शेजारी ‘गोल्डन’सारखी परागदाती जात त्याच वेळी फुललेली असावी लागते. वेळ चुकली की मधमाश्या असूनही उपयोग नसतो. म्हणून यजमानांच्या सूनबाई सकाळीच वरच्या बागेतून गोल्डनच्या फुललेल्या डहाळ्या तोडून आणत, पाणी भरलेल्या रिकाम्या बाटल्यांत खोचत आणि सुतळीने त्या बाटल्या खालच्या झाडांच्या फांद्यांना टांगत. याला ते ‘गुलदस्ता’ म्हणतात. भाड्याने आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्या शेजारी ठेवलेल्या होत्या. हवामान बदलाशी जुळवून घेणे या भारदस्त शब्दांचा अर्थ मला त्या सुतळीच्या गाठींकडे पाहताना पहिल्यांदा नीट कळला.

उंचीचा हिशेब सोपा आहे. साधारण हजार मीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते; म्हणजे हवा एक अंशाने तापली, तर पिकाला तीच थंडी मिळण्यासाठी दीडशे मीटर वर जावे लागेल. झालेही तसेच. कुल्लूच्या खालच्या पट्ट्यात सफरचंदाची जागा डाळिंब आणि भाजीपाल्याने घेतली, आणि किन्नौर, लाहौल यांसारख्या एरवी थंडगार मानल्या गेलेल्या भागांत सफरचंदाच्या बागा वाढल्या. पेरूमध्ये कुस्कोजवळच्या डोंगरातले केचुआ या मूळ रहिवासी समाजाचे शेतकरी बटाट्याचे पारंपरिक वाण असेच वरवर नेत आहेत. पण पीक वर सरकते तसा सातबारा सरकत नाही. वरची जमीन वनखात्याची असते, गुरे चारण्याची असते किंवा नुसता खडक असतो. ‘पीक वर गेले’ या वाक्यात बहुधा खालचा शेतकरी मागे राहिला आणि वरच्या दुसऱ्याच शेतकऱ्याला नवे पीक मिळाले, एवढी गोष्ट दडलेली असते.

बुटक्या खुंटावरची (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो खुंट) दाट लागवड हा एक उपाय सांगितला जातो, आणि तो खोटा नाही; कमी थंडीवर भागणाऱ्या ‘गाला’सारख्या जाती त्यात लवकर फळ देतात. मात्र या खुंटांची मुळे उथळ असतात, त्यांना तारांचा आधार आणि ठिबकचे पाणी लागते, वर गारपिटीपासून बचावाची जाळी. अडीच एकरवाल्याला हे सगळे एका दमात परवडत नाही. त्या मानाने बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी उष्ण टापूत निवडून वाढवलेले ‘एचआरएमएन-99’ हे वाण लहान शेतकऱ्याच्या जवळचे वाटते. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. (आमच्या एका नातेवाइकांनी हौसेने त्याची दोन झाडे लावली आहेत, अद्याप सावलीच मिळते आहे. उन्हात वाढणारे सफरचंद म्हणजे नागपुरी उन्हात वाढणारे, असे गृहीत धरू नये.)

जमीन तीन तुकड्यांत असणे मला आधी गैरसोयीचे वाटले होते. एका तुकड्यावर गारा पडल्या तरी दुसरा वाचतो, हे यजमानांनी सांगितल्यावर मत बदलले. उत्तराखंडच्या गढवालमधली ‘बारहनाजा’ ही पद्धत याच विचारावर उभी आहे: नाचणी, राजगिरा, राजमा, कुळीथ, उडीद, भट्ट अशी बारा-एक पिके एकाच शेतात मिसळून घ्यायची, म्हणजे पाऊस कसाही आला तरी काहीतरी घरात येते. सोयाबीनच्या लाटेत हे वाण नाहीसे होऊ लागले, तेव्हा विजय जड़धारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीज बचाओ आंदोलनातून ते सांभाळले. आपल्या मेळघाटातही सोयाबीनची हीच गोष्ट आहे. चिखलदऱ्याच्या आसपासच्या हलक्या, दगडाळ उतारांवर कोरकू शेतकरी जी कोदो-कुटकी ही भरड धान्ये घेत, त्यांतली कुटकी थोड्या दिवसांत हाती येते आणि पावसाचा खंडही सोसते.

तरीही जुन्या धान्यांचे नुसते गोडवे गाणे मला पटत नाही. ऐन कापणीच्या वेळी पाऊस लांबला आणि कोदोला बुरशी धरली, तर ते खाऊन गुंगी येते, उलट्या होतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगढमध्ये दहा हत्ती दगावले, त्यांच्या शरीरात या बुरशीशी जोडलेले सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडले होते. परतीचा पाऊस लांबू लागला, तर दुष्काळाला पुरून उरणारे हे धान्य वाळवायचे कसे, हा नवा प्रश्न उभा राहतो.

पाण्याचीही गोष्ट शेवटी वेळेचीच आहे. लडाखमध्ये पेरणी एप्रिल-मेमध्ये होते, आणि उंचावरच्या हिमनदीचे पाणी खाली यायला त्यापेक्षा उशीर लागतो. चेवांग नॉर्फेल या लडाखी अभियंत्यांनी 1987 पासून हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीच्या बाजूला, गावाच्या जवळ आणि कमी उंचीवर संथ करून गोठवायला सुरुवात केली, म्हणजे ते मूळ हिमनदीच्या आधी वितळते. अशी वेळ विकत घेण्यावरच लहान शेतकऱ्याचा सारा भर असतो.

परवा यजमानांचा फोन आला होता. सगळ्यात खालच्या तुकड्यातली सफरचंदाची झाडे त्यांनी काढून टाकली आहेत. वडिलांच्या हातची दोन तेवढी धुऱ्याकडेला ठेवली. तिथे त्यांनी ‘जापानी फल’ (पर्सिमन) लावले आहे, ज्याला थंडी थोडी पुरते. बाबांनी लगेच दोन ओळींतले अंतर विचारून घेतले, कारण आमच्याही जुन्या संत्रा बागेतील डिंक्या रोगाने गेलेल्या झाडांच्या जागी काय लावावे, हा विचार घरात सुरू आहे. यजमानांची नवी कलमे फळावर यायला चार-पाच वर्षे लागतील. तोवर ओळींच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी मटार घेतला आहे, आणि पहिल्या तोड्याचे पैसे आठवड्याभरात हाती आले, असे ते सांगत होते.