मेनिंडीला जायचंय? आधी तळ्यात पाणी आहे का बघा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या ब्रोकन हिलपर्यंत बरेच जण जातात, पण तिथून ११० किमीवरच्या मेनिंडीकडे फारसं कोणी वळत नाही. रस्ता डांबरी आहे, सव्वा तासात पोचता. फक्त घड्याळ सांभाळा. ब्रोकन हिल साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर चालतं आणि मेनिंडी सिडनीच्या, म्हणजे जाताना अर्धा तास फुकट गेलाच समजा.

गाव डार्लिंग नदीच्या काठी, वस्ती पाचशेच्या आसपास. नदीला इथले बार्किंजी लोक बाका म्हणतात, हजारो वर्षं त्यांचीच आहे ती. १९३३ मध्ये आदिवासींना आणून इथल्या मिशनवर, म्हणजे त्यांच्यासाठी केलेल्या वस्तीवर ठेवलं आणि १९४९ मध्ये परत उचलून मुरिन ब्रिजला नेलं. त्याच सुमारास सरकारने गावाजवळच्या तळ्यांवर बांध घालायला घेतले, ते काम १९६८ पर्यंत चाललं. मूळची तळी नैसर्गिकच, नदीला पूर आला की भरायची आणि मग आटायची, आता गेट लावून पाणी धरून ठेवतात. पाण्यात उभी असलेली वठलेली झाडं फोटोत दिसतात ना, ती या बांधांनी बुडवलेली.

पण गाव बहुतेकांना माहीत असतं ते ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स या शोधकांमुळे. ऑगस्ट १८६० मध्ये मेलबर्नहून निघालेली मोहीम ऑक्टोबरमध्ये इथे पोचली. त्याच सुमारास उंटांचा प्रमुख लँडेल्स बर्कशी भांडून राजीनामा देऊन मोकळा झाला, आणि बर्कलाही दम नाही, निम्मं सामान मागे ठेवून पुढे निघाला. ते घेऊन यायचं काम राइट नावाच्या गड्यावर सोपवलं, तर तो जानेवारी संपत आली तरी इथेच! एप्रिल १८६१ मध्ये बर्क उत्तरेच्या समुद्राच्या अगदी जवळ पोचून वाटेतल्या कूपर क्रीक ओढ्याकाठच्या आपल्या तळावर परत आला, तर वाट बघून थकलेली माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली. पुढे बर्क आणि विल्स दोघेही तिथेच वारले. माझ्या मते या सगळ्याचं मूळ मेनिंडीतल्या त्या तीन महिन्यांत आहे, कूपर क्रीकवर नाही. बर्क ज्या हॉटेलात उतरला ती जुनी इमारत १९९९ च्या आगीत गेली, त्यामुळे तिथे फार अपेक्षा ठेवू नका. पमामारू तळ्याकाठची मोहिमेची छावणीची जागा मात्र बघा.

आणि दोस्त महंमदची कबर चुकवू नका. मोहिमेचे उंट कराचीहून जहाजाने आणले होते, त्यांच्यासोबत आलेल्या माणसांपैकी हा एक. एका उंटाने त्याचा हात कायमचा निकामी केला, मग तो मेनिंडीतच राहिला आणि तिथेच वारला. बर्कचा पुतळा मेलबर्नला उभारला गेला, इकडे गावाबाहेर लाल मातीत हा एकटा. थांबून बघायला पाच मिनिटं लागतात, पण गाडीवाले सरळ पुढे जातात.

नंतर किंचेगा नॅशनल पार्क. तिथली १८७५ ची लोकर कातरायची शेड म्हणजे नुसते रेड गमचे (निलगिरीच्या जातीचं झाड) खांब आणि पत्रे, १९६७ पर्यंत साठ लाख मेंढ्या इथे भादरल्या. आतल्या कठड्यांवरून हात फिरवा, मेंढ्या घासून घासून लाकूड गुळगुळीत झालंय. जवळच नदीकाठी १८७२ मध्ये फुटलेल्या प्रॉव्हिडन्स बोटीचा बॉयलर पडलाय. खलाशी मेनिंडीत पिऊन आले आणि बॉयलरमध्ये पाणी घालायला विसरले असं सांगतात, खरंखोटं देव जाणे.

आता पाण्याचं. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात इथे नदीत मासे मेले, मार्च २०२३ मध्ये तर कोट्यवधींनी. पूर ओसरताना पाण्यातला ऑक्सिजन संपला होता. ब्रोकन हिलचं पाणी पूर्वी इथूनच जायचं, २०१९ पासून ते मरे नदीवरून २७० किमीच्या पाइपलाइनने येतं. गावात कोणाशी बोलायला लागलात की दोन मिनिटांत विषय पाण्यावर येतोच, ऐकून घ्या, वाद घालू नका.

जायचं तर एप्रिल ते सप्टेंबर, तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) पारा चाळीसच्या वर. तळ्यांची पातळी ऑनलाइन कळते, ती बघूनच ठरवा, कोरडं तळं म्हणजे नुसतं माळरान. पार्कातले रस्ते कच्चे, पाऊस पडला की बंद, आणि भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स कच्च्या रस्त्याला चालतो का ते आधी विचारा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू आणि एमू अचानक आडवे येतात. पेट्रोल, पिण्याचं पाणी ब्रोकन हिललाच घ्या, शाकाहारी असाल तर थेपले-चटणी सोबत ठेवा, पबमध्ये चिप्सखेरीज काही मिळेलच असं नाही. घोंघावणाऱ्या माश्यांपासून वाचायला तोंडावरची जाळी घ्या, आपल्याला हसू येतं पण तिथे सगळेच घालतात.