आमची वाटचाल : अकरा सेकंदं

वडिलांचा धंदा भोंग्याचा. आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, चार भोंगे, आणि बेळगावच्या शहापूर-वडगावातली लग्नं, बारशी, गणपती. मी त्यात मिक्सर आणला आणि २०१६ साली खऱ्या गोष्टींच्या बैठका सुरू केल्या. न्यूयॉर्कमध्ये द मॉथ ही गोष्टी सांगणाऱ्यांची संस्था १९९७ पासून हे करते: गोष्ट स्वतःची, खरी, हातात कागद नाही. त्यांच्या स्लॅममध्ये, म्हणजे गोष्टींच्या स्पर्धेत, पाच मिनिटं मिळतात. आम्ही सात दिली, कारण आपल्याकडे गाव आणि भावकी सांगण्यातच दोन जातात. नावाच्या चिठ्ठ्या तांब्यात. मराठी चालेल, कन्नडही चालेल.

बेळगावला व्याख्यानमालांची सवय आहे, पण इथं वक्ता नसतो. शेजारचा माणूस उठतो आणि त्याचा आवाज कापतो, तेव्हा खुर्च्यांचा कुरकुराट आपोआप थांबतो. तीच गोष्ट पुण्याला नोकरीला गेलेली पोरं आमच्या पॉडकास्टवर ऐकायची, रात्री, कानात घालून.

वडगावचे एक विणकर मामा पहिल्या बैठकीपासून येत. तिसऱ्या वेळी त्यांची चिठ्ठी निघाली. हातमाग विकला त्या दिवसाची गोष्ट. "धोटा तेवढा ठेवून घेतला," म्हणाले आणि गप्प झाले. मी फेडरवरचा, मिक्सरच्या आवाजाच्या सरकत्या खुंटीवरचा, हात काढला नाही. अकरा सेकंदं. पंख्याची घरघर सोडली तर सभागृहात काही नव्हतं.

एडिटिंग माझा भागीदार करायचा. २०१८ मध्ये तो सगळ्या फाइली घेऊन गेला, त्याच गोष्टी स्वतःच्या नावावर चढवल्या. मामांची ती अकरा सेकंदं कापली आणि खाली बासरी घातली. कुणाला विचारलं नाही. मामांनी नातवाच्या मोबाइलवर ऐकलं आणि माझ्या दुकानात आले. "मी गप्प बसलेलो तेवढं कुठं गेलं रे?" मला उत्तर देता आलं नाही. सांगणारे बिथरले. आपलं घरचं उद्या कुठं वाजेल म्हणून तांब्या रिकामा राहू लागला. दोन टॉप, म्हणजे मोठे स्पीकर, विकले, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तो सत्कार घेत होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुन्हा पहिली चिठ्ठी मामांनीच टाकली. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

नव्यानं हे करणाऱ्यांनी महागड्या कंडेन्सर माइकमागे लागू नये. सभागृहात तो पंखा, खोकला, रिक्षा सगळं ओढतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ माइक घ्या, १९६६ पासून लोक तोच वापरतात. तोंडापासून चार बोटं अंतर, गेन, म्हणजे माइकचा आवाज उचलायची पातळी, बेतानं, स्पीकर माइकच्या पुढे, नाहीतर शिट्टी मारणारच. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा. चढवण्याआधी सांगणाऱ्याला ऐकवा, आणि भागीदाराशी कागद करा, तो सख्खा असला तरी.

मामांची मूळ फाइल माझ्याकडे कार्डावर होती. ती आम्ही बासरीशिवाय पुन्हा चढवली आहे. बैठक दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, वडगावातच.