डूलिनला एक रात्र राहाच

आयर्लंडला येणारे आपल्याकडचे बरेच पाहुणे अटलांटिककाठचे मोहरचे कडे (Cliffs of Moher) पाहतात ते डब्लिनहून सुटणाऱ्या एका दिवसाच्या सहलीत. कड्यांवर दीड-दोन तास, फोटो, आणि परत बसमध्ये. मी गॉलवेला राहते. कुणी येतंय असं कळलं की माझा आग्रह एकच असतो: कड्यांशेजारच्या डूलिन गावात मुक्काम करा. या गावाचं नाव आहे ते संगीतासाठी, आणि तिथे वाजवायला बसतात रात्री साडेनऊच्या सुमारास. सहलीच्या बस तोवर कधीच निघून गेलेल्या असतात.

दिवस चालण्यासाठी ठेवायचा. डूलिनहून दक्षिणेला निघालं की अटलांटिक सतत उजव्या हाताला. आधी गुरांची कुरणं, मग चढ. कडे अचानक समोर येत नाहीत. जमीन हळूहळू उंचावत जाते, लाटांचा आवाज खाली खाली जातो आणि मग ध्यानात येतं, आपण कड्यावरच चालतोय. ओब्रायन टॉवर या जुन्या बुरुजापाशी ही उंची २१४ मीटर भरते. वाटेत कुंपणाला उभ्या केलेल्या फरश्या थांबून पाहा. त्यांवर नागमोडी रेघा दिसतील. तीस कोटी वर्षांहून आधी समुद्रतळाच्या चिखलात सरपटलेल्या जिवांच्या त्या खुणा आहेत. मे-जूनमध्ये आलात तर रंगीत चोचीचे पफिन पक्षीही दिसतात, दुर्बीण मात्र हवी. वारा जोराचा असेल तर कडेला जाऊ नका. सुरक्षेसाठी वाटेचे काही भाग बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा.

संध्याकाळी गावात परत. पबमध्ये जायचं म्हणून संकोच नको, सूप किंवा चहा घेऊन बसलं तरी चालतं. इथे बहुधा रंगमंच नसतो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, बकऱ्याच्या कातड्याचा डफासारखा बौरान आणि इथल्या क्लेअर परगण्याचं लाडकं वाद्य काँसर्टिना, म्हणजे हातात धरायची भात्याची छोटी पेटी, घेऊन माणसं बसतात. कुणीतरी एक धून उचलतो, बाकीचे ओळखून सामील होतात. नोटेशन समोर नसतं. सगळे एकच धून वाजवतात, पण हरकती ज्याच्या त्याच्या. ते नीट ऐकू यायला मला वेळ लागला, आणि ऐकू आल्यापासून मी या संगीताची झाले. एक धून दोन-तीनदा फिरली की न थांबता दुसरी, मग तिसरी. जिग ही नाचाची धून सहाच्या हिशेबात चालते. दादरा कानात बसलेल्या माणसाचा पाय आपोआप ताल धरतो.

मधेच कुणी साथीशिवाय गाऊ लागतं. अशा वेळी सगळा पब गप्प होतो, गल्ल्यामागचा माणूससुद्धा. तेव्हा फोन वर करू नका, एवढीच विनंती.

गावाची ही ओळख मुख्यतः मिको, पॅकी आणि गसी या रसेल बंधूंमुळे. इथल्याच मातीतली माणसं. १९६० नंतर त्यांचं वाजवणं ऐकायला बाहेरून लोक येऊ लागले. आज वाजवणाऱ्यांत काही मानधनावर येतात, हे खरं. पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीत व्हिसल घेऊन बसलेली शाळकरी मुलगी मी पाहिली आहे, आणि तिला चाल सापडेपर्यंत वेग कमी करणारा म्हातारा फिडलवालाही.

जुलैत येणार असाल तर दक्षिणेला मिलटाउन मालबेही गाठा. इलिन पाइप्स या भात्याने हवा भरायच्या आयरिश बॅगपाइपचे वादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने तिथे १९७३पासून संगीताची उन्हाळी शाळा भरते. दिवसा वर्ग, रात्री गावभर मैफली. त्या आठवड्यात राहायला खोली मिळणं कठीण, तेव्हा आधी खोली ठरवा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.