एकोणसाठ मण्यांचा ऑक्टोबर

स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं की माजी विद्यार्थी बहुधा छड्या, डबे आणि गॅदरिंग लिहितात. ते बाकीचे लिहितीलच. गणपतीची सुट्टी संपल्यापासून दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत आपल्या शाळेत जपमाळेच्या महिन्यासाठी जे चालायचं, त्याची रीत मात्र कुठेच लिहिलेली नाही. सिस्टरांची बदली झाली, बाई निवृत्त झाल्या, की ती त्यांच्याबरोबर जाते. म्हणून इथे रीतच लिहितो. वसईतल्या कुठल्याही लहान मराठी शाळेला ती चालावी.

आधी वेळापत्रक, कारण खरी ओढाताण तिथेच. ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. लिओ तेरावे पोप असताना, १८८३ पासून तसा पाळला जातो. पण त्याच महिन्यात सहामाही परीक्षा, परतीचा पाऊस आणि भातकापणी. पहिल्या आठवड्यात काही ठरवलं तर मैदानात चिखल, दुसऱ्या-तिसऱ्यात पेपर, आणि मध्येच शेतावर माणूस कमी पडलं की अर्धा वर्ग गैरहजर. शेवटून दुसरा रविवार मिशन संडेचा, म्हणजे मिशनकार्यासाठी प्रार्थना आणि मदत गोळा करण्याचा, तो हलत नाही. त्यामुळे वर्गातलं हातकाम सप्टेंबरात उरकायचं आणि मैदानावरचा कार्यक्रम शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी ठेवायचा, ही शाळेची वाटणी. ती वर्षानुवर्षं टिकली ती याचसाठी.

हातकामात पहिला मान जपमाळेचा. मणी विकत आणायचे नाहीत. ओढ्याकाठी, बावखलाच्या म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या कडेला रानजोंधळा उगवतो. कोणी त्याला कसई म्हणतात. त्याच्या बीला निसर्गानेच आरपार भोक दिलेलं असतं, सुई टोचावी लागत नाही. बी गोळा करायचं ते दिवाळीनंतर, वापरायचं ते पुढच्या सप्टेंबरात. त्याच वर्षीचं ओढायला गेलं तर निम्मं हिरवं निघतं, आणि हिरवं बी सुकताना सुरकुततं. राखाडी किंवा पांढुरकं, चकचकीत आणि नखाने दाबलं तर न दबणारं, तेवढंच घ्यायचं. आठवडाभर सावलीत वाळवून पत्र्याच्या डब्यात भरायचं. ओवण्याआधी वरचा तुरा आणि खालचा देठ चिमटीने ओढून काढायचा. आत अडकलेला भुसा टाचणीने निघतो. नाहीच निघाला तर बी अर्धा तास पाण्यात ठेवायचं.

मोजदाद अशी: ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे ५३ लहान मणी, ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचे ६ मोठे, एकूण ५९. मोठ्या सहा मण्यांसाठी रिठ्याची काळी बी. तिला भोक पाडायला सुताराचं गिरमिट लागतं, ते काम मोठ्या वर्गाकडे. बी हातात धरून भोक पाडायला गेलं की गिरमिट घसरून बोटात जातं. लाकडाच्या फळीला खोलगट खड्डा करून त्यात बी बसवायची, मग फिरवायचं. गुंजा मात्र आणायच्या नाहीत. दिसायला त्यांच्याइतकी देखणी बी दुसरी नाही, आणि जुन्या काळी त्यांच्या माळा होतही असत. पण गुंजेचं कवच फोडलं की आतलं विष मोकळं होतं, आणि ओवायचं म्हणजे कवच फोडणं आलंच. लहान मुलांच्या वर्गात हा नियम सैल करण्याची सोय नाही.

दोरा जाळ्याचा, नायलॉनचा, दोन मीटर. सुती दोरा घामाने कुजतो, वर्षभरात तुटतो. प्रत्येक मण्यानंतर साधी गाठ. गाठ मण्याला चिकटून बसत नाही ही सगळ्यांची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे गाठ सैल असतानाच तिच्या फासात जाड सुई घालायची, सुईने ती मण्यापर्यंत सरकवायची, आणि सुई काढता काढता दोरा ओढायचा. शेवटच्या गाठीचं टोक मेणबत्तीवर क्षणभर धरून वितळवलं नाही तर नायलॉन सुटतो. क्रूस नारळाच्या हिराचा, चार सेंटिमीटर उभा, अडीच आडवा, तोच दोरा फुलीसारखा गुंडाळून बांधलेला.

खरी गडबड मोजण्यात होते. चौथीतलं मूल दहाचा गट ओवताना हमखास अकरा घालतं, नाहीतर नऊवर थांबतं, आणि चूक कळते ती शेवटी मणी उरले की. तोवर तीस-चाळीस गाठी पडलेल्या असतात. यासाठी प्रत्येकाला काड्यापेटीचे सहा रिकामे खण द्यायचे: पाचांत दहा-दहा मणी, सहाव्यात तीन लहान आणि सहा मोठे. एक खण संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला बसणारी हिंदू मुलंही हे काम आवडीने करत. त्यांची माळ दहा मण्यांची, गळ्यात किंवा मनगटावर घालण्यासाठी. तिच्यावर कोणी प्रार्थनेची सक्ती केली नाही. ते योग्यच होतं.

भाताच्या कणसांचं थोडक्यात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, नव्या पिकाच्या आशीर्वादाचा सण. त्याच्या आदल्या शुक्रवारी वर्गावर्गातून जुड्या बांधायच्या. पूर्ण पिकलेली कणसं दिसायला सोनेरी, पण हाताळली की दाणे झडतात आणि वेदीपर्यंत नुसती काडी पोहोचते. थोडा हिरवेपणा असलेली, सकाळच्या दवात कापलेली कणसं घ्यायची. पावसात भिजलेली जुडी बंद पिशवीत ठेवली तर दोन दिवसांत काळी पडते. दसऱ्याला दाराला नवं बांधणाऱ्या घरांतली मुलं ही जुडी आमच्यापेक्षा नीटस बांधत. ती घरी शिकूनच आलेली.

आता जिवंत जपमाळ. तिच्यासाठीच आपल्या शाळेचा ऑक्टोबर पंचक्रोशीत ओळखला जाई, आणि आखणीत सगळ्यात जास्त चुकाही तिच्यातच होत.

मुलं म्हणजे मणी. एकूण ५९ मुलं, शिवाय मोठा क्रूस धरणारं एक, म्हणजे ६०. वेदीच्या बाजूला टेबलावर मरियामातेचा पुतळा. तो माळेच्या पदकाच्या जागी. दोन नमो मरियांमध्ये दोन फूट अंतर, आमच्या बापाच्या मुलाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फूट, पुतळ्याच्या दोन्ही अंगांनाही तीन. असा हिशेब केला की गोल बरोबर १२० फुटांचा भरतो. मैदानाच्या मध्ये खुंटी, तिला १९ फुटांची दोरी, आणि दोरीच्या टोकाला फक्कीचा डबा. दोरी काथ्याची हवी. नायलॉनची ओढली की ताणते आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. पुतळ्यापासून बाहेर सरळ रेषेत शेपूट: पाच मुलं आणि क्रूस, १६ फूट. साठ फूट लांबीचं मोकळं मैदान असलं की झालं.

ठरलेली चूक अशी. नवे शिक्षक गोलात पाच आमच्या बापा उभे करतात, कारण रहस्यं पाच (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, दर दहा नमो मरियांना एक). पण पहिल्या रहस्याचा आमच्या बापा गोलात नसतो, तो शेपटातला पुतळ्याजवळचा मणी. गोलात फक्त चार. पाच ठेवले की एक मूल बिनप्रार्थनेचं उरतं, आणि ते नेमकं सगळ्यात उत्साही निघतं. शेपटाचा क्रम क्रुसापासून: क्रूसधारी विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना म्हणतो, मग एक आमच्या बापा, तीन नमो मरिया, पुन्हा एक आमच्या बापा, आणि तिथून पुतळ्याला वळसा घालून गोल सुरू.

पाच रहस्यांना पाच रंग. ही कल्पना अमेरिकेतले बिशप फुल्टन शीन यांची, १९५१ मधली मिशनची जपमाळ: आफ्रिकेला हिरवा, अमेरिकेला लाल, युरोपला पांढरा, ओशनियाला निळा, आशियाला पिवळा. मिशन संडे तोंडावर असल्याने ती आपल्याकडे चपखल बसली. पण रंग दाखवायला क्रेप कागदाच्या पट्ट्या वापरू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलं घामेजतात, कागदाचा रंग पांढऱ्या शर्टावर उतरतो आणि धुऊन जात नाही. सॅटिनची फीत घ्या, प्रत्येकी एक मीटर. पांढरी फीत पांढऱ्या गणवेशावर दिसतच नाही. युरोपवाल्यांनी ती डोक्याला बांधायची.

दिवे. पणतीतलं तेल सांडतं, उघडी मेणबत्ती वाऱ्याने विझते. करवंटीत वाळू भरून तिच्यात मेणबत्ती रोवायची, ज्योत करवंटीच्या काठाच्या खाली राहील इतकी खोल. त्यासाठी नारळाचं बिनडोळ्याचं अर्ध लागतं. डोळ्यांच्या अर्धुकातला मऊ डोळा फुटला की त्यातून वाळू गळत राहते आणि मेणबत्ती कलंडते. समुद्राचा वारा दुपारभर असतो, सूर्यास्तानंतर पडतो. म्हणून सव्वासहाला सुरुवात केली की ज्योती फडफडतात, पावणेसातला केली की स्थिर. क्रुसापासून एकेक मूल प्रार्थना म्हणत शेजारच्याची मेणबत्ती पेटवत जातं, साधारण चाळीस मिनिटं. पहिल्याची मेणबत्ती सगळ्यात जास्त वेळ जळते, तेव्हा लांब मेणबत्त्या शेपटाकडे आणि तुकडे शेवटच्या रहस्याकडे. गोलाच्या आत पाण्याच्या दोन बादल्या, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं मूल राखीव. उपाशीपोटी पेपर देऊन आलेलं एखादं पोर चक्कर येऊन बसतंच. त्याची जागा रिकामी राहिली तर पुढचा मोजणीत अडतो.

२००२ च्या ऑक्टोबरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, तेव्हापासून गुरुवारी कार्यक्रम आला तर ती घ्यायची असतात. जुन्या छापील पुस्तिकांत ती सापडत नाहीत.

मिशन संडेला मदत गोळा करायला वस्तूंचा लिलाव होतो, त्याबद्दल एकच सांगतो. केळीचा लोंगर हिरवाच ठेवा. पिकलेला उचलून दाखवताना फणीतून केळी सुटतात आणि बोली तिथेच थांबते.

सर्व संतांच्या सणाला मुलांना संतांचा वेश करायचा तर वसईच्या शाळेने आधी गोन्सालो गार्सिया घ्यावा. तो इथला, वसईत जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर भाल्यांनी मारला गेलेला, १८६२ मध्ये संत झालेला. तरी दरवर्षी मुलं आधी पाडुआच्या अंतोनीवरच उड्या टाकतात, कारण त्याच्या हातात लिलीची फुलं आणि बाळ येशू असतो. दोघेही फ्रान्सिस्कन, झगा एकच. गोणपाटाचा झगा अंगाला खाजतो. जुनी सुती चादर काताच्या उकळत्या पाण्यात तासभर ठेवली की छान तपकिरी होते. पाण्यात चुना पडला तर लाल चढते, तेव्हा भांडं स्वच्छ हवं. कमरेच्या दोरीला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. चौथी गाठ घालू नका, फादरांच्या लगेच लक्षात येते.

२ नोव्हेंबर, मृतात्म्यांचा दिवस, अनेकदा सुट्टीत येतो. म्हणून दफनभूमीची सफाई सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी. दगडावरचं जुनं मेण कोयत्याने खरवडलं तर अक्षरं जातात. करवंटीच्या तुकड्याने काढायचं. क्रुसांना चुना लावताना तो आदल्या दिवशी विरवून त्यात डिंकाचं पाणी घालायचं. नाहीतर फुलं वाहणाऱ्याच्या हाताला तो लागतो.

आणि मेण. जिवंत जपमाळेच्या दुसऱ्या सकाळी ६० करवंट्या उलट्या करून मेणाचे तुकडे वेचायचे, वाळू झटकायची. डबा थेट चुलीवर ठेवायचा नाही, मेण पेट घेतं. गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवायचा. वितळल्यावर राहिलेली वाळू तळाशी बसते, वरचं मेण जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. साचा म्हणजे पपईच्या पानाचा देठ: आतून पोकळ, वीतभर कापलेला, खालचं तोंड मातीने बंद. सुती दोरा आधी मेणात बुडवून सरळ वाळवायचा, मग देठाच्या मध्ये ताणून धरायचा आणि मेण ओतायचं. देठात पाण्याचा थेंब राहिला तर मेणबत्ती जळताना तडतडते. तासाभराने देठ उभा चिरला की मेणबत्ती बाहेर येते, थोडी वाकडी. त्या दफनभूमीत लावायच्या, ज्या कबरींवर कोणी येत नाही त्यांच्यावर आधी.